आर-४११८ : क्रॉयडन ते काशी आणि परत

ब्रिटिश हवाई दलात दाखल होणाऱ्या प्रत्येक विमानाच्या नावाने एक कार्ड उघडले जाई. त्याला फॉर्म ७८ म्हणत. वर विमानाचा प्रकार, क्रमांक, इंजिन आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव, खाली रकाने. विमान कुठल्या तुकडीकडे गेले, कोणत्या तारखेला गेले, एवढेच त्यात भरायचे. विमान एका तळावरून दुसऱ्या तळाकडे वर्ग झाले की एक ओळ, मार खाऊन दुरुस्तीला गेले की एक ओळ, आणि सगळ्यात शेवटी हिशेबातून कमी केल्याची ओळ. वैमानिकाचे नाव या कार्डावर नसते, लढाईचे वर्णन तर नसतेच. तरीही एखाद्या विशिष्ट विमानाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण कोणत्या तुकडीची कोणत्या महिन्याची कागदपत्रे उघडायची हे दुसरे कुणी सांगत नाही.

आर-४११८ हा असाच एक क्रमांक. विमान हॉकर हरिकेन मार्क १, एका वैमानिकाचे लढाऊ विमान. १९४० साली जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या ब्रिटनच्या लढाईत ते लढले. १९४३ च्या डिसेंबरात भारताकडे रवाना झाले. १९४७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाला मिळाले आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे काशीतच राहिले. २००१ मध्ये ते इंग्लंडला परत गेले आणि २३ डिसेंबर २००४ रोजी पुन्हा आकाशात उडाले. ही हकीकत बहुतेक वेळा ते शोधून काढणाऱ्या माणसाच्या चिकाटीची म्हणून सांगितली जाते. ती चिकाटी खरीच आहे, तिच्याकडे पुढे येईनच. पण कागद वाचत गेलो की या विमानाचे खरे उपकारकर्ते मला दुसरेच दिसतात. एक, युद्धाच्या धामधुमीतही रकाने नीट भरणारे कारकून. आणि दुसरे, जुने यंत्र मोडीत न घालता शिकवण्यासाठी ठेवणारे एक भारतीय महाविद्यालय. पहिल्यांमुळे विमानाची ओळख टिकली, दुसऱ्यांमुळे विमान.

हरिकेनचा पहिला नमुना ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्स इथे उडाला. आराखडा सिडनी कॅम यांचा. १९३७ च्या डिसेंबरात ही विमाने पहिल्यांदा ज्या तुकडीला मिळाली ती १११ क्रमांकाची स्क्वाड्रन, मुक्काम लंडनजवळचे नॉर्थहोल्ट. हॉकर कंपनीने १९३४ मध्येच ग्लॉस्टर ही विमान कंपनी ताब्यात घेतलेली होती. युद्ध जवळ आल्यावर मागणी एवढी वाढली की हरिकेन ग्लॉस्टरच्या कारखान्यातही बनू लागली. आर-४११८ त्यातलेच. त्या काळचे क्रमांकही सरळ ओळीने दिलेले नसत. एकूण किती विमाने बनली याचा अंदाज शत्रूला येऊ नये म्हणून क्रमांकांच्या मालिकेत मुद्दाम मोठमोठे खंड सोडत. त्यामुळे क्रमांकावरून विमानाचा कारखाना आणि साधारण काळ कळतो, पण दोन क्रमांकांतल्या फरकावरून विमानांची संख्या काढायला गेले की फसगत होते.

१७ ऑगस्ट १९४० रोजी हे कोरे करकरीत विमान स्कॉटलंडमधल्या ड्रेम तळावर ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाले. ही तारीख महत्त्वाची आहे. त्याआधी दोनच दिवस, १५ ऑगस्टला, नॉर्वेतल्या तळांवरून उडालेल्या जर्मन बॉम्बफेकी विमानांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा हल्ला चढवला होता. तो परतवण्यात ६०५ चा वाटा होता आणि तिची काही विमानेही त्या दिवशी कामी आली होती. आर-४११८ ही त्या हानीची भरपाई असावी, असा तर्क दोन तारखा शेजारी ठेवल्यावर मनात येतो. पण कार्डावर कारण लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून त्याला तर्कच म्हणायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर ६०५ ला दक्षिणेकडे क्रॉयडनला हलवण्यात आले. लंडनवरच्या मोठ्या हवाई हल्ल्यांना ७ सप्टेंबरला सुरुवात झाली, तेव्हाची ही गोष्ट. क्रॉयडनला थकून गेलेली १११ स्क्वाड्रन त्याच सुमारास विश्रांतीसाठी ड्रेमला गेली. म्हणजे दोन तुकड्यांची अदलाबदलच झाली. उत्तरेला शांतता आणि दक्षिणेला रोजची लढाई अशी ती विभागणी होती. तुकड्या झिजल्या की वर पाठवायच्या आणि ताज्या तुकड्या खाली आणायच्या.

इथून पुढे फॉर्म ७८ पुरत नाही. विमान क्रॉयडनला काय करत होते, हे पाहायला स्क्वाड्रनची कामगिरी नोंदवही उघडावी लागते. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या या नोंदवह्या ‘एअर २७’ या मालिकेत जपल्या आहेत. तिचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे तुकडीची रोजनिशी: हवामान, बदल्या, पाहुणे, मृत्यू. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तपशील, आणि विमानाच्या इतिहासकाराचे सगळे भांडवल यात. रकाने असे: तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिक, कामगिरी, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, शेरा. बारा विमाने एकदम उडाली तर बारा ओळी. शेऱ्याच्या रकान्यात पुष्कळदा दोन-चारच शब्द, किंवा शत्रू दिसला नाही एवढेच. वाचताना नजर शेवटच्या दोन वेळांवर खिळते. एखाद्या ओळीत निघाल्याची वेळ आहे आणि परतल्याची जागा कोरी आहे. कुठे पुढे दुसऱ्या तळावर उतरल्याचा खुलासा सापडतो, आणि कुठे फॉर्म ५४० च्या त्याच तारखेला एका तरुणाचे नाव.

विमानाच्या क्रमांकाचा तो रकाना सगळ्याच स्क्वाड्रननी इमानाने भरलेला नाही. १९४० च्या त्या दोन-तीन महिन्यांत कित्येक ठिकाणी नुसते ‘हरिकेन’ लिहून पुढे गेलेले दिसतात. त्यांना दोष कोण देणार? तुकडीतली माणसे दिवसाला तीन-चार वेळा वर जात होती आणि या नोंदी बरेचदा नंतर, महिनाअखेरीस टंकलेखन करून पाठवायच्या असत. त्यात अंकांची उलटापालटही होई. त्यामुळे एखाद्या विमानाची किती उड्डाणे झाली हे सांगता येणे, ही त्या काळासाठी साधी गोष्ट नाही. आर-४११८ च्या बाबतीत क्रॉयडनवरून ४९ कामगिऱ्यांचा आकडा निघतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंतचा काळ धरला तर दिवसाला सरासरी एकाहून किंचित जास्त. पावसाळी, ढगाळ दिवस वजा केले आणि विमान देखभालीसाठी उभे राहिले असेल ते दिवस सोडले, तर उरलेल्या दिवसांवर किती ताण पडला असेल ते लक्षात येते.

आणि ही ४९ उड्डाणे एका माणसाची नव्हेत. मराठीत आपण युद्धकथा वाचतो तेव्हा वैमानिक आणि त्याचे विमान अशी जोडी मनात धरतो. प्रत्यक्षात सकाळी जे विमान सज्ज असेल ते ज्याची पाळी असेल तो घेऊन जाई. विमानाच्या अंगावर ‘यूपी’ ही स्क्वाड्रनची अक्षरे आणि पुढे ‘डब्ल्यू’ हे विमानाचे स्वतःचे अक्षर असे. यूपी-डब्ल्यू एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे जात राही. म्हणून तिसरा कागद लागतो: वैमानिकांच्या वैयक्तिक उड्डाण नोंदवह्या. त्यात वैमानिक स्वतःच्या हाताने तारीख, विमान, क्रमांक, कामगिरी आणि हवेतला वेळ लिहितो आणि महिन्याच्या शेवटी स्क्वाड्रनचा प्रमुख सही करतो. फॉर्म ५४१ मधली ओळ आणि नोंदवहीतली ओळ तारीख, क्रमांक, वेळ या तिन्ही बाबतींत जुळली की पुरावा पक्का. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक असेल तर घाई करायची नाही. एकाने इंजिन चालू केल्याची वेळ धरलेली असते, दुसऱ्याने जमीन सोडल्याची.

या विमानातून लढलेल्यांपैकी बॉब फॉस्टर यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. १९४० मध्ये ते वीस वर्षांचे होते. ६०५ मधून त्यांनी आर-४११८ उडवले. पुढे ५४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि डार्विन शहराच्या रक्षणासाठी स्पिटफायर या लढाऊ विमानातून जपान्यांशी लढले. ब्रिटनच्या लढाईतल्या वैमानिकांच्या संघटनेचे अध्यक्षपदही उतारवयात त्यांच्याकडे आले. त्यांना दीर्घायुष्य लाभले, २०१४ मध्ये ९४ व्या वर्षी ते गेले. त्यामुळे विमान पुन्हा उभे राहिले तेव्हा ते त्यांना पाहायला मिळाले. इतिहासकाराच्या दृष्टीने हा योग दुर्मीळ आहे. कागद, यंत्र आणि ते यंत्र चालवणारा माणूस, तिघेही साठाहून अधिक वर्षांनी एका ठिकाणी!

आता थोडे अवघड प्रकरण. आर-४११८ ने शत्रूची पाच विमाने पाडली असे सर्वत्र लिहिले जाते. हा आकडा येतो तो लढाईनंतरच्या अहवालांवरून. वैमानिक खाली उतरला की तुकडीचा गुप्तवार्ता अधिकारी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेई: हल्ला किती वाजता, किती उंचीवर, शत्रूची विमाने कोणती, किती, आपण किती गोळ्या झाडल्या, परिणाम काय. हरिकेनच्या पंखांत .३०३ च्या आठ ब्राउनिंग मशीनगन. प्रत्येकीला तीनशेच्या वर गोळ्या, म्हणजे कळ दाबून धरली तर पंधराएक सेकंदांत सगळा साठा संपे. ताशी तीनशे मैलांच्या वेगात, ढगात शिरणाऱ्या विमानावर दोन-तीन सेकंद गोळ्या झाडून वैमानिक वळलेला असे, कारण मागे कुणी लागलेले आहे का हे बघणे त्याला जास्त गरजेचे होते. मग ते विमान पडले, की नुसता धूर सोडत घरी गेले? आणि त्याच विमानावर दुसऱ्या कुणी गोळ्या झाडल्या असतील तर श्रेय कोणाचे? १५ सप्टेंबर १९४० या एका दिवसाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर जर्मनांची स्वतःची हानीची कागदपत्रे हाती आली तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. यात खोटेपणा नव्हता. एकाच पडत्या विमानावर तिघांनी नेम धरला आणि तिघांनीही प्रामाणिकपणे आपले म्हणून लिहिले, असे पुष्कळदा झाले. म्हणून ‘पाच’ हा आकडा वाचताना तो वैमानिकांनी केलेल्या आणि त्या वेळी मान्य झालेल्या दाव्यांचा आहे, हे लक्षात ठेवावे. त्याने विमानाचे मोल उणे होत नाही. ४९ उड्डाणांतून ते परत आले, हीच मला मोठी गोष्ट वाटते. ६०५ चाच प्रमुख आर्ची मॅकेलर, ज्याने ७ ऑक्टोबरच्या एका दिवसात पाच विमानांवर दावा केला होता, तो १ नोव्हेंबरला मारला गेला.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आर-४११८ ने लढाईत मार खाल्ला आणि ते दुरुस्तीला गेले. पुन्हा सेवेत आले ते १११ स्क्वाड्रनकडे, स्कॉटलंडमध्ये. क्रॉयडनहून जी ड्रेमला गेली होती आणि ज्या तुकडीने हरिकेनचा पहिला संसार थाटला होता, तीच ही १११. तोवर हरिकेनचे मार्क २ आले होते, जर्मनांची नवी विमाने अधिक वेगवान झाली होती आणि मार्क १ आघाडीवरून मागे सरकत होते. पुढच्या नोंदी प्रशिक्षण तुकड्यांच्या आहेत. नवशिके वैमानिक लढाऊ विमानावर हात बसवण्यासाठी तिथे येत. या काळाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. प्रशिक्षण विमानांचे हाल लढाऊ विमानांपेक्षा कमी नसत, पण त्यांच्या धडपडण्याला वीरकथेत जागा नसते.

१९४३ च्या डिसेंबरात विमानाचे भाग सुटे करून, खोक्यात घालून ते भारताकडे पाठवले गेले, तेही प्रशिक्षणासाठीच. त्या वेळी भारतात हरिकेन हे नाव अपरिचित नव्हते. रॉयल इंडियन एअर फोर्स हे नाव पुढे १९४५ मध्ये मिळालेल्या आपल्या हवाई दलाच्या कितीतरी तुकड्यांकडे हरिकेनच होती. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने जपान्यांवर टेहळणी केली ती हरिकेनमधून. आराकानमध्ये ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधल्या जे. सी. वर्मा यांनी जपानी लढाऊ विमान पाडले ते हरिकेनमधून. महाराष्ट्राशीही या विमानाचा एक धागा आहे. १९८२ ते १९८५ या काळात आपले राज्यपाल असलेले माजी वायुसेनाप्रमुख इद्रिस हसन लतिफ तरुणपणी, १९४३-४४ मध्ये, ब्रिटनमध्ये हरिकेन आणि स्पिटफायरचे प्रशिक्षण घेणाऱ्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी होते. म्हणजे एक भारतीय वैमानिक हरिकेन शिकायला ब्रिटनमध्ये होता, त्याच हिवाळ्यात एक ब्रिटिश हरिकेन भारताकडे येत होते.

परदेशी गेलेल्या विमानांची कार्डे शेवटी फार आखडती होतात. देशाचे नाव, तारीख, आणि मग हिशेबातून कमी केल्याची ओळ. युद्ध संपल्यावर तर अशा शेकडो विमानांना कुणी वाली उरला नाही. परत नेण्याचा खर्च विमानाच्या किमतीहून जास्त. बहुतेक हरिकेन तिथल्या तिथे तोडली गेली. सगळ्या कारखान्यांत मिळून बनलेल्या साडेचौदा हजारांच्या आसपास हरिकेनपैकी आज जगात उडणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, यावरून त्या मोडीचा अंदाज येईल.

आर-४११८ वाचले, कारण कुणाला तरी ते शिकवण्यासाठी हवे होते. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या बनारस हिंदू विद्यापीठात १९१९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय होते. यंत्र आणि वीज अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या देशातल्या पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. आज तीच संस्था आयआयटी म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये हे हरिकेन तिथे आले. विचार केला तर त्या वर्षी एखाद्या भारतीय अभियांत्रिकी विद्यार्थ्याला हजार अश्वशक्तीच्या घरातले, बारा सिलिंडरचे रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन हाताळायला मिळणे म्हणजे काय होते! पोलादी नळ्यांचा सांगाडा, पत्र्याचे पंख, हायड्रॉलिक्सवर आत ओढली जाणारी चाके, हे सगळे पुस्तकातल्या आकृतीऐवजी समोर उभे. त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा लढाईतला इतिहास गौण होता. विमान कुठून आले याची आठवण पुसट होत गेली असेल, तर त्यात नवल नाही.

शिकवण्यासाठी दिलेले यंत्र विद्यापीठाच्या डेड स्टॉक रजिस्टरवर चढते. आपल्याकडे ज्याने कुठल्याही शाळा-कॉलेजात नोकरी केली आहे त्याला या रजिस्टरचा अर्थ ठाऊक आहे. तिथे चढलेली वस्तू सहजासहजी उतरत नाही. मोडीत काढायची तर समिती, शेरे, निविदा, सह्या. या संथ कारभाराला आपण एरवी नावे ठेवतो. आर-४११८ चे सुटे भाग भंगारवाल्याकडे न जाता पन्नास वर्षे एकत्र राहिले, यात या पद्धतीचा मोठा हात असावा असे मला मनापासून वाटते. हॉकरच्या कारखान्यातून निघालेल्या हजारो विमानांना असा पालक मिळाला नाही.

१९८२ मध्ये पीटर व्हाशर हे इंग्रज गृहस्थ भारतात जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात फिरत होते. वाराणसीत त्यांना विद्यापीठाच्या आवारात हे विमान दिसले. ते स्वतः जुन्या यंत्रांचे जाणकार, पण त्या वेळी समोर उभे असलेले विमान नेमके कोणते, हे कळायला क्रमांक आणि कागद एकत्र यावे लागतात. तो योग पुढे आला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी पुन्हा त्याचा माग काढला, क्रमांकावरून इतिहास तपासला आणि हे ब्रिटनच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेले विमान आहे, हे लक्षात आल्यावर ते मिळवण्याच्या खटपटीला लागले. विद्यापीठाशी आणि सरकारी खात्यांशी बोलणी सुमारे सहा वर्षे चालली. २००१ मध्ये विमान इंग्लंडला गेले. व्हाशर यांनी पुढे यावर पुस्तकही लिहिले.

ते तिकडे जायला हवे होते का, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल, आणि यायला हवा. शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होणारा आपला पुरावस्तू कायदा साठ वर्षांच्या विमानाला लागू होत नाही, हे झाले कायद्याचे उत्तर. माझे उत्तर थोडे वेगळे आहे. या विमानाची लढाई क्रॉयडनवर झाली, त्याचे वैमानिक तिथले, त्याचे कागद क्यूमध्ये. ते उडवण्याची विद्याही तिकडेच शिल्लक होती. इकडे राहिले असते तर फार तर एका काचेमागे उभे राहिले असते. पण त्याचा बनारसमधला काळ त्याच्या चरित्रातला सगळ्यात लांब काळ आहे, लढाईच्या दीड-दोन महिन्यांपेक्षा कितीतरी पट लांब. इंग्रजी लेखनात तो ‘सापडेपर्यंतचा काळ’ म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो. ते मला बरोबर वाटत नाही. ते हरवलेले नव्हते. ते नोकरीवर होते.

जीर्णोद्धाराचे काम सफक परगण्यातल्या ‘हॉकर रिस्टोरेशन्स’ या कार्यशाळेत सुमारे तीन वर्षे चालले. हरिकेन दिसायला साधे विमान असले तरी पुन्हा बांधायला विलक्षण किचकट. कारण त्याची घडण दोन युगांच्या सांध्यावरची आहे. पुढचा भाग आणि पंख धातूच्या पत्र्याचे. मागचा भाग जुन्या दुपंखी विमानांसारखा, आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूडच्या चौकटी, चौकटींवर स्प्रूस लाकडाच्या लांब पट्ट्या आणि वर ताणलेले आयरिश लिनन. वाराणसीचे उन्हाळे-पावसाळे झेललेल्या विमानात लाकूड आणि कापड वापरण्याजोगे राहणे शक्य नाही. ते नवे करावेच लागते. खरी परीक्षा धातूची.

हॉकरने या नळ्या एकमेकींना वेल्डिंगने जोडल्या नाहीत. गोल नळीचे टोक दाबून चौकोनी करायचे, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावायच्या आणि आरपार बोल्ट व पोकळ रिवेट घालून सांधा आवळायचा, अशी पद्धत. युद्धात याचा फायदा झाला: गोळी लागून नळी तुटली तर तळावरच ती बदलता येई. साठ वर्षांनी त्याच सांध्यांत गंज धरतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. नळी वरून ठणठणीत आणि आतून खाल्लेली. म्हणून एकेक सांधा उकलायचा, एकेक रिवेट ड्रिलने काढायचा, नळी आतून तपासायची आणि मग ठेवायची की बदलायची ते ठरवायचे. पंखांचा मधला भाग तोलून धरणारे स्पार तर आणखी अवघड. पोलादाच्या पट्ट्या रुळांतून काढून त्यांची बहुकोनी नळी करायची, एकीत एक बसवायची आणि वरच्या-खालच्या नळ्यांना पत्र्याने जोडायचे. ही पट्टी वळवणारी यंत्रे युद्धानंतर नामशेष झाली होती. हरिकेन पुन्हा उडवायची तर आधी हे तंत्र पुन्हा उभे करावे लागले, आणि ते या कार्यशाळेने केले. जगातल्या उडत्या हरिकेनपैकी बरीच तिथूनच बाहेर पडली, त्याचे कारण हे.

कापडाचे काम शेवटी येते. लिनन सांगाड्यावर ओढून शिवायचे, शिवणीवर पट्ट्या चिकटवायच्या आणि मग डोप नावाचे द्रावण हातावर हात चढवत लावायचे. पिकलेल्या केळ्यांसारखा त्याचा वास कार्यशाळेभर पसरतो. डोप वाळताना कापड आक्रसते आणि ताठ होते. थर कमी पडला तर ते हवेत फडफडते आणि जास्त झाला तर खालच्या लाकडी पट्ट्या वाकवते.

किती भाग जुने ठेवले म्हणजे विमान तेच राहते? जुन्या विमानांच्या जगात यावर सतत वाद चालू असतो, आणि त्यामागे पैसा असतो. जमिनीतून उकरलेल्या चार वाकड्या पत्र्यांवर आणि एका क्रमांकपट्टीवर संपूर्ण नवे विमान बांधून त्याला जुना क्रमांक दिल्याची उदाहरणे आहेत. कायदा त्याला मान्यता देतो. इतिहासाने ती तितक्या सहज देऊ नये असे माझे मत आहे. आर-४११८ चा मान वेगळा आहे तो इथे. ते समुद्राच्या तळातून किंवा चिखलातून तुकड्यांनी निघाले नाही. चाकांवर उभे असलेले, आख्खे विमान सापडले. कार्डावरच्या ओळी आणि समोरचा धातू यांच्यामध्ये मोठा खंड नाही. १९४० ते १९४३ चा माग कागदावर आहे, १९४७ नंतरचा एका संस्थेच्या आवारात. ब्रिटनच्या लढाईत लढलेली आणखी काही हरिकेन नंतरच्या वर्षांत उडू लागली, पण २००४ च्या डिसेंबरात ते उडाले तेव्हा त्याच्याइतकी सलग ओळख सांगणारे उडते हरिकेन दुसरे नव्हते.

ते पहिले उड्डाण केंब्रिजच्या विमानतळावरून झाले, नाताळच्या दोन दिवस आधी. अंगावर १९४० मधलाच गडद मातकट आणि हिरवा रंग, यूपी-डब्ल्यू ही अक्षरे आणि शेपटीजवळ आर-४११८. मुलकी विमान म्हणून त्याला जी-एचयूपीडब्ल्यू हे नोंदणीचिन्ह मिळाले. त्याची शेवटची तीन अक्षरे मुद्दाम स्क्वाड्रनच्या खुणेवरून घेतलेली आहेत. २०१५ मध्ये व्हाशर यांच्याकडून ते नव्या मालकाकडे गेले. आता त्याचा मुक्काम बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या गवती धावपट्टीवर असतो. तिथे शटलवर्थ संग्रहातली त्याच्याहूनही जुनी विमाने शेजारी आहेत, आणि उन्हाळ्यातल्या प्रदर्शनांत ते उडते.